मृगापूर्वी दारे-खिडक्या रंगवा



रब्बीची सुगी उरकली की मृगापर्यंत थोडी उसंत मिळते. घरच्या लाकडी दारा-खिडक्यांना रंग देण्याची हीच वेळ. उन्हाने लाकूड आतपर्यंत सुकलेले असते. पाऊस सुरू झाल्यावर ओल्या लाकडावर रंग चढवला, तर ओल आत कोंडते, रंगाला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात.

रंग म्हणजे नुसती शोभा नव्हे, ते लाकडाचे इरले आहे. इरल्याला भोक असले की माणूस भिजतो, तसेच लाकडाचे होते. म्हणून महागडा डबा आणण्याआधी पूर्वतयारीकडे लक्ष द्या. खरे काम तिथेच आहे.

पाणी कुठून शिरते?

दार बहुधा खालून कुजते. लाकडाच्या कापलेल्या टोकातून पाणी नळीतून चढावे तसे वर चढते. दाराची खालची कड, चौकटीचे पाय आणि सांधे या जागा रंगारीसुद्धा पुष्कळदा कोऱ्या सोडतो. पावसाळ्यात दार फुगून अडते, मग आपण रंधा मारतो आणि ती कड तशीच उघडी राहते. पुढच्या वर्षी ते आणखी फुगते! शक्य असेल तर दार बिजागरीतून काढून आडवे ठेवा आणि खालच्या-वरच्या कडांना इतर भागापेक्षा एक हात जास्तच द्या.

जुना रंग काढताना जपा

सुटलेला रंग पत्र्याने खरवडावा. घट्ट बसलेला रंग काढायची गरज नाही, तो घासून खरखरीत केला की पुरे. पण जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगातील शिशावर कडक मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग असेल तर तो कोरडा घासू नका आणि ज्योतीने जाळू नका. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, नाकातोंडाला फडके बांधा. खाली गोणपाट नको, प्लॅस्टिकचा कागद अंथरा आणि पडलेले पापुद्रे सगळे गोळा करा. लहान मुले आणि जनावरे लांब ठेवा. वासरांना चाटायची खोड असते, आणि शिशाची विषबाधा मुलांना व जनावरांना फार बाधते. तो कचरा उकिरड्यावर टाकू नका, नाहीतर खताबरोबर शेतात जाईल. गव्हाणीच्या आतल्या बाजूला तर कोणताच रंग देऊ नका.

काम या क्रमाने करा

१. लाकूड पुसून पूर्ण वाळू द्या. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. आडवे घासले तर ओरखडे रंगातून दिसतात.

२. सागाचे लाकूड मुळातच तेलकट. ते टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून घ्या, म्हणजे रंग धरतो.

३. आधी लाकडाचा प्रायमर, मग लांबी, म्हणजे पुट्टी. पुष्कळजण उलट करतात. कोरे लाकूड लांबीतले तेल पिऊन टाकते, आणि मग लांबी तडकून गळते.

४. लांबी वाळली की बारीक पॉलिश पेपरने सपाट करा, धूळ पुसा आणि तेवढ्या जागी पुन्हा प्रायमर लावा.

५. तेलरंगाचे दोन पातळ हात द्या. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात आणि रंग वरून सुकून आत कच्चा राहतो. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या.

सकाळी दव उडाल्यावर काम सुरू करा. भर दुपारच्या उन्हात रंग लावू नये. जवळपास मळणी यंत्र चालू असेल त्या दिवशी तर नाहीच, सगळा भुसा ओल्या रंगावर येऊन बसतो.

रंग किती लागेल?

साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद दाराची एक बाजू सुमारे २० चौरस फूट भरते. दोन्ही बाजूंना दोन-दोन हात म्हणजे ८० चौरस फूट. त्याला एक लिटर तेलरंग पुरतो.

एवढे विसरू नका

जवसाचे तेल किंवा तेलरंग पुसलेली फडकी बोळा करून टाकू नका. सुकताना ती आपोआप तापतात आणि कधीकधी पेटतातही. कडब्याच्या गंजीजवळ असा बोळा पडला तर वर्षाचा चारा जाईल. फडकी पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा. काम चालू असताना दारे उघडी ठेवा, चूल-बिडी लांब ठेवा. रिकाम्या डब्यात पाणी किंवा पेंड ठेवू नका.

आणि एक गोष्ट. रंगाने वाळवी थांबत नाही. चौकटीला माती टेकलेली असेल तर ती आधी बाजूला करा.

दरवर्षी मृगाआधी एकदा दारावरून हात फिरवून पाहा. जिथे रंग तडकला असेल तिथे लगेच घासून प्रायमर आणि रंगाचा हात द्या. वाटीभर रंगात भागते. तेच टाळले तर नवी चौकट करावी लागते, आणि आज सागाचा भाव आपल्याला ठाऊकच आहे.