प्रबळगड आणि कलावंतीण : पनवेलजवळचा दुर्गम डोंगर

नवी मुंबईच्या पूर्वेला, माथेरानच्या पश्चिमेस उभा असलेला प्रबळगड आणि खोल खिंडीने त्याच्यापासून विलग झालेला कलावंतीण सुळका हे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हारसातून घडलेल्या बेसाल्टचे, म्हणजे काळ्या कातळाचे, अवशेष असून त्यांची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर आहे. गडाचे जुने नाव मुरंजन असून १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत त्याची गणना होते.

पनवेलहून ठाकूरवाडीपर्यंत वाहन जाते. तेथून पायवाटेने प्रबळमाची गाठावी लागते. माची म्हणजे कड्याच्या पायथ्याशी असलेला डोंगराचा सपाट टप्पा. येथील आदिवासी कुटुंबे पर्यटकांच्या जेवणाची व मुक्कामाची सोय करतात, आणि वाटाड्या त्यांच्यातूनच घेणे सर्वांत शहाणपणाचे, कारण गडमाथ्यावरील दाट रानात वाट सहज चुकते. कलावंतिणीच्या कातळात खोदलेल्या उंच, उभ्या पायऱ्यांना कठडा नाही; पावसात त्यांवर शेवाळ धरते, त्यामुळे उतरणे चढण्यापेक्षा अधिक धोक्याचे ठरते.

या परिसरातील धोका केवळ कड्यांपुरता मर्यादित नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री जवळच्याच इर्शाळगडाखालील इर्शाळवाडीवर दरड कोसळून २७ मृतदेह हाती लागले व ५७ जण बेपत्ता राहिले. म्हणून अतिवृष्टीचा इशारा असताना किंवा प्रशासनाची बंदी असताना येथे येणे सर्वथा टाळले पाहिजे.