मोफत धान्याची शेवटची पायरी : घरातील साठवण व कीडनियंत्रण

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि दुसऱ्याच दिवशी केंद्र शासनाने प्रधानमंत्री गरीब कल्याण योजना जाहीर केली. सुमारे ८० कोटी लाभार्थ्यांना नियमित धान्याव्यतिरिक्त दरमहा दरडोई ५ किलो तांदूळ अथवा गहू आणि प्रतिकुटुंब १ किलो डाळ मोफत देण्याचे ठरले. पुढे जुलै ते नोव्हेंबर २०२० या काळात डाळीऐवजी अख्खा हरभरा देण्यात आला. पीएम-किसान योजनेचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलमध्येच शेतकऱ्यांच्या खात्यांत जमा करण्यात आला. छत्तीसगडमध्ये २१ मे २०२० रोजी राजीव गांधी किसान न्याय योजना सुरू होऊन धान उत्पादकांना चार हप्त्यांत थेट साहाय्य मिळू लागले. राज्याने एप्रिल व मे महिन्यांचा तांदूळ एकत्रितपणे वाटला, तसेच कोणीही उपाशी राहू नये म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन क्विंटल तांदूळ राखून ठेवण्याची व्यवस्था केली.

संकटकाळातील अन्नसुरक्षेचा हा मोठा आधार होता. तथापि या साहाय्याची नोंद रास्त भाव दुकानात अंगठा उमटताच पूर्ण होते. धान्य प्रत्यक्ष शिजेपर्यंतचा प्रवास मात्र कोणत्याही नोंदवहीत येत नाही. त्या प्रवासात धान्याचा वाटेकरी होणाऱ्या किडींचा व त्यांच्या बंदोबस्ताचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्न आजही कायम

१ जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य मोफत झाले आहे. जून २०२५ मध्ये पावसाळ्याच्या पार्श्वभूमीवर जून, जुलै व ऑगस्ट या तीन महिन्यांचा तांदूळ एकाच वेळी वितरित करण्यात आला. रस्ते बंद पडणाऱ्या गावांसाठी हा निर्णय हिताचाच होता. परंतु छत्तीसगडमध्ये तीन ते पाच सदस्यांच्या प्राधान्य कुटुंबास दरमहा ३५ किलो तांदूळ मिळतो. तीन महिन्यांचे १०५ किलो एकदम घरी आले, तर तिसऱ्या महिन्याचा तांदूळ वापरास काढण्यापूर्वी सुमारे ६० दिवस आणि संपेपर्यंत सुमारे ९० दिवस घरात राहतो; तेही वर्षातील सर्वाधिक दमट काळात.

तांदळातील सोंडकिड्याची एक पिढी सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानात व ७० टक्के आर्द्रतेत साधारण महिनाभरात पूर्ण होते. म्हणजेच त्या ९० दिवसांत किडीच्या दोन ते तीन पिढ्या निर्माण होऊ शकतात. धान्य एकत्र देण्याचा निर्णय आणि साठवणुकीचे मार्गदर्शन या दोन गोष्टी एकत्रच पोहोचल्या पाहिजेत, त्या याचसाठी. गोंदिया, भंडारा व गडचिरोली या शेजारच्या धानपट्ट्यातही पावसाळ्यातील हवामान असेच दमट असल्याने तेथेही हे विवेचन लागू पडते.

प्रमुख किडी

*सोंडकिडा (टोके, पोरकिडे) :* मादी दाण्याला छिद्र पाडून आत अंडे घालते व छिद्र चिकट स्रावाने बंद करते. अळी दाण्याच्या आतच वाढते. त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारा तांदूळ आतून किडलेला असू शकतो.

*तांबडा भुंगेरा :* हा प्रामुख्याने कणी, भुसा व पिठावर जगतो. तांदळात चुरा जितका अधिक, तितका याचा उपद्रव अधिक.

*तांदळावरील पतंग :* याची अळी रेशमी धाग्यांनी दाणे एकत्र गुंफते. तांदळात जाळ्या व गोळे दिसू लागल्यास ही कीड ओळखावी.

*कडधान्यावरील भुंगेरा :* मादी हरभऱ्याच्या दाण्यावर पांढरट ठिपक्यांसारखी अंडी चिकटवते. अळी आत शिरून दाणा पोखरते.

कीड आली कोठून?

रायपूर परिसरातील गावभेटींत एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : “रेशनचा तांदूळच किडका येतो का?” याचे उत्तर तर्काने न देता तपासणीने द्यावे. धान्य आणल्याच दिवशी मूठभर तांदूळ चाळून पाहावा. जिवंत भुंगेरे आढळल्यास प्रादुर्भाव धान्य घरी येण्यापूर्वीचा आहे. असे धान्य दुकानदाराच्या त्वरित निदर्शनास आणावे. पहिल्या दिवशी काही न दिसल्यास थोडा तांदूळ काचेच्या बरणीत घट्ट झाकून वेगळा ठेवावा. चार आठवड्यांत त्यात भुंगेरे दिसले, तर कीड दाण्यांच्या आत लपून आली होती असे समजावे. बरणी स्वच्छ राहून कोठीतील तांदळास कीड लागली, तर उगम घरातच आहे. जुनी पोती, भिंतीच्या भेगा व शेजारी ठेवलेले धान हे त्याचे नेहमीचे स्रोत होत.

घरगुती उपाययोजना

१. *ओलावा तपासावा.* कोरड्या बाटलीत एक तृतीयांश तांदूळ व दोन चमचे कोरडे मीठ घालून चांगले हलवावे आणि पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटल्यास तांदूळ साठवणुकीस अयोग्य इतका ओला आहे. तो सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरून वाळवावा. कडक उन्हात तांदूळ तडकतो आणि कणी वाढते.

२. *चाळून भरावा.* चाळणीखाली निघालेला चुरा व किडे घराजवळ न टाकता कोंबड्यांना द्यावेत किंवा जाळावेत.

३. *महिन्यागणिक वेगळा साठा करावा.* तीन महिन्यांचा तांदूळ एकाच कोठीत न ठेवता तीन हवाबंद डबे, पिंप अथवा बहुस्तरीय हवाबंद पिशव्यांत भरावा. एका वेळी एकच साठा उघडावा. भांडे काठोकाठ भरावे. बंद भांड्यातील प्राणवायू कमी झाला की किडींची वाढ थांबते. वारंवार झाकण उघडल्यास हा लाभ नाहीसा होतो.

४. *धान व तांदूळ एकत्र ठेवू नयेत.* जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून व उन्हात पूर्ण वाळवूनच वापरावीत. कोठीच्या भेगा लिंपून घ्याव्यात.

५. *हरभऱ्याची वेगळी काळजी घ्यावी.* हरभरा कडक उन्हात वाळवून, थंड झाल्यावर प्रतिकिलो सुमारे ५ मिलि खाद्यतेल चोळून ठेवावा. शक्य असल्यास डाळ करून ठेवावी. डाळीत या भुंगेऱ्याचा उपद्रव बराच कमी असतो.

वाळलेला कडुनिंबाचा पाला हा पूरक उपाय आहे. केवळ त्यावर विसंबू नये.

हे कटाक्षाने टाळावे

ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू प्राणघातक असून धुरीकरण केवळ प्रशिक्षित तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाचे असते. खाण्याच्या धान्यात बोरिक पावडर, पाऱ्याच्या गोळ्या अथवा फवारणीचे कीटकनाशक मिसळू नये.

पंचायत साठा व विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

ग्रामपंचायतीतील राखीव तांदूळ लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून अंतर राखून ठेवावा. आधी आलेले धान्य आधी वापरावे व पोत्यांवर तारीख लिहावी. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने विकसित केलेला सच्छिद्र नळीचा कीटक सापळा धान्यात खोचून ठेवल्यास प्रादुर्भाव लवकर लक्षात येतो. पंधरवड्यातून एकदा सापळा तपासावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी वितरणाच्या दिवशी दुकानाबाहेर मीठ-बाटलीचे व चाळणीचे प्रात्यक्षिक दाखवावे. त्यास दहा मिनिटे पुरतात. कीड लागेल या भीतीने अनेक कुटुंबे जादा तांदूळ कवडीमोलाने विकून टाकतात आणि ऑगस्टमध्ये तोच तांदूळ बाजारभावाने विकत घेतात. साठवणुकीची खात्री असेल तर ही वेळ येणार नाही. शासनाने दिलेला प्रत्येक किलो ताटापर्यंत पोहोचला, तरच अन्नसुरक्षा खऱ्या अर्थाने साध्य झाली असे म्हणता येईल.