शेवटची फीट केव्हा आली?

अपस्माराच्या रोग्याला डॉक्टर पहिल्या भेटीत जो प्रश्न विचारतात, तोच पुढे दर भेटीत विचारतात. शेवटची फीट केव्हा आली? वर्षानुवर्षे उत्तर ठरलेले असते: परवा, काल, आज सकाळी दात घासताना. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली की हे उत्तर हळूहळू पालटू लागते. काल-परवाच्या जागी महिना येतो, महिन्याच्या जागी चार महिने. मग मोठी चमत्कारिक गोष्ट घडते. ज्या उत्तरासाठी घरादाराने नवस केले ते उत्तर मोठ्याने उच्चारण्याची कुणाला छातीच होत नाही. आई म्हणते, "बरंय हो, बरंय," आणि विषय बदलते. न जाणो, दृष्ट लागली तर!

या दुखण्याला आपल्याकडे नावे थोडी नाहीत. फेफरे, मिरगी, आकडी, फीट, आणि वैद्यांच्या पोथीतला अपस्मार. स्मृती जाते म्हणून अपस्मार, असा त्याचा अर्थ चरकसंहितेच्या काळापासून सांगत आले आहेत. नटराजाच्या पायाखाली चिरडलेला जो ठेंगू असुर दिसतो त्याचेही नाव अपस्मारच. नावे इतकी, पण उपाय मात्र गल्लोगल्ली एकच: नाकाला जोडा लावा, कांदा फोडा, दातखिळीत चमचा घाला. तिन्ही निरुपयोगी, आणि तिसरा तर दात पाडणारा. रोग्याला कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर दवाखाना गाठावा. एवढे शहाणपण प्रत्येक घरात असायला काय हरकत आहे?

मेंदूत अब्जावधी पेशी विजेच्या सूक्ष्म स्पंदनांनी एकमेकींशी बोलत असतात. त्यांतला एखादा पुंजका एकाएकी सगळ्यांनी मिळून ओरडावे तसा ओरडू लागला म्हणजे फीट येते. पुष्कळ रोग्यांत हा पुंजका कानशिलाच्या आत, 'हिप्पोकॅम्पस' नावाच्या इवल्या भागात असतो. आठवणी साठवण्याच्या कामी हा भाग लागतो. तो आक्रसून, कडक होऊन बसलेला असतो, आणि अशा अनेकांच्या पूर्वेतिहासात लहानपणी तापात आलेली एखादी लांबलेली आकडी सापडते. असे रोगी फीट येताना पडतातच असे नाही. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, नजर थिजते, ओठ चाटले जातात, हात पदराशी चाळा करीत राहतो. दोन मिनिटांनी माणूस 'परत' येतो आणि काय झाले ते त्याला ठाऊक नसते. असल्या फिटेला घरचे लोक वर्षानुवर्षे 'तंद्री' म्हणत आलेले असतात.

गोळ्यांनी बहुतेकांचे भागते. परंतु सुमारे एकतृतीयांश रोग्यांचे भागत नाही. दोन योग्य औषधे योग्य मात्रेत घेऊनही फिटा थांबल्या नाहीत, तर तिसऱ्या-चौथ्या औषधाने त्या थांबण्याची आशा फार थोडी उरते. अशा वेळी तज्ज्ञाला शस्त्रक्रियेविषयी विचारलेच पाहिजे. आपल्याकडे होते काय, की विचारण्यातच दहा-पंधरा वर्षे निघून जातात. मेंदूला हात लावायचा ही कल्पनाच सहन होत नाही.

वास्तविक ही कल्पना नवी नाही. लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली यांनी १८८६ साली फिटांसाठी मेंदूची शस्त्रक्रिया केली. कॅनडात माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांनी रोग्याला जागे ठेवून मेंदूचा नकाशा काढला. त्यांच्या हाताखाली शिकलेले जेकब चँडी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि १९५२ साली त्यांनी आपल्या देशातली अशी पहिली शस्त्रक्रिया केली. पुढे मात्र फार काळ हे काम थोड्याच ठिकाणी चालले. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून ते नेटाने सुरू झाले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातही ते होते. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली आणि रत्नागिरीच्या माणसाला तिरुअनंतपुरम एका गाडीच्या अंतरावर आले. कोकणच्या रेल्वेने आंबे किती नेले याचे हिशेब सगळे मांडतात. तिने रोगी किती नेले याचा हिशेबही कुणी मांडायला हवा.

आता शस्त्रक्रिया होऊन माणूस घरी येतो, तिथपासूनची गोष्ट. ती पुस्तकांत थोडी आणि घरांत फार असते. समजा, गुहागरच्या खालच्या पाटातले एक घर आहे. मागे नारळी-पोफळीचे आगर, आगराच्या पलीकडे सुरूची बने, आणि त्यापलीकडे तो लांबच लांब किनारा. व्याडेश्वर ज्यांचे कुलदैवत आहे अशा मुंबई-पुण्याच्या वाचकांना हे दृश्य चांगले परिचयाचे असेल. या घरातली तेवीस वर्षांची मुलगी डाव्या कानशिलावर शस्त्रक्रिया करून घेऊन परत आली आहे. डोक्याला रुमाल आहे, त्याखाली प्रश्नचिन्हाच्या आकाराची टाक्यांची रेघ आहे. आत्या भेटायला येते आणि म्हणते, "चेहरा कसा टवटवीत दिसतोय!" मुलीला तर खोलीतून पडवीपर्यंत आले तरी दमायला होत असते.

हा थकवा खरा असतो आणि कैक आठवडे टिकतो. जबडा नीट उघडत नाही, कारण चावण्याचा एक स्नायू बाजूला सारूनच कवटीत वाट केलेली असते. तेव्हा गुरगुट्या भात, पेज, मऊ आंबोळी. सुक्या खोबऱ्याचा तुकडा पुढे केव्हातरी. टाळूचा काही भाग बधिर लागतो, डोके दुखते. डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर माणसांची नावे, नेमके शब्द आठवायला वेळ लागतो. समोर विळी दिसते, पण 'विळी' हा शब्द जिभेवर येत नाही. काहींना नजरेच्या वरच्या एका कोपऱ्यातले दिसेनासे होते, आणि जुन्या कोकणी घरांची दारे ठेंगणी! चार दिवस कपाळाला चौकट लागली म्हणजे माणूस आपोआप मान वळवून पाहायला शिकतो. यातले पुष्कळसे महिन्या-दोन महिन्यांत निवळते. नजरेचा कोपरा आणि नावांची अडचण मात्र काहींना कायमची सोबत करते. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर हे सांगतात. सांगत नसतील तर विचारून घ्यावे.

पहिल्या काही आठवड्यांत एखादी फीट आलीच तर घरावर आभाळ कोसळते. पण मेंदू तेव्हा सुजलेला, दुखावलेला असतो. शस्त्रक्रियेचे यश मोजण्याच्या एका आंतरराष्ट्रीय पद्धतीत पहिला महिना धरीतच नाहीत. डॉक्टरांना कळवावे, पण सगळे फुकट गेले असे समजून रडत बसू नये.

गुहागरसारख्या गावी याहून निराळ्या काळज्या असतात. घरामागे विहीर, समोर समुद्र. फिटेच्या रोग्याला पाण्याचे भय सगळ्यांत मोठे, आणि शस्त्रक्रियेनंतर ते एका दिवसात सरत नाही. डॉक्टर परवानगी देईपर्यंत एकट्याने समुद्रात उतरायचे नाही, विहिरीच्या काठाशी वाकायचे नाही, न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही. चुलीपाशी, गॅसपाशी कुणीतरी जवळ असावे. अठरा वर्षे हेच नियम पाळलेल्या मुलीला ते आणखी वर्षभर पाळायला लावणे जिकिरीचे असते. आता बरी झालेय ना मी, हा तिचा प्रश्न रास्तच असतो.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. शस्त्रक्रिया झाली की गोळ्या सुटल्या, अशी समजूत सार्वत्रिक आहे आणि ती घातक आहे. निदान एक-दोन वर्षे तरी त्या चालू ठेवाव्या लागतात. पुढे कमी करायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतात. सोमवारचा उपवास असो की महाशिवरात्र असो, गोळी चुकवायची नाही. पाण्याच्या घोटाने मोडेल असा उपवास देवालाही नको असेल. पावसाळ्यात तर गोळ्यांचीही बेगमी करावी लागते. कोकणातली घरे आषाढापूर्वी तांदूळ, मीठ, मिरची, लाकूडफाटा भरून ठेवीत आली आहेत. त्या यादीत हा डबा घालावा. २२ जुलै २०२१ या दिवशी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि दुकानांची दाणादाण उडाली, हे कुणी विसरलेले नाही. गुहागरची मोठी खरेदी, मोठे दवाखाने, रेल्वे, सारे चिपळूणच्या वाटेवर. सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांची ही वाट पाण्याखाली गेली तर एका आठवड्याच्या गोळ्यांवर निर्धास्त राहता येत नाही. अपस्माराचे औषध एकाएकी तुटले तर फिटांची रांग लागू शकते, मग शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो.

तिसरी गोष्ट झोपेची, आणि इथे शिमगा आडवा येतो. फाल्गुनात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, ढोल वाजतात, नमन-खेळे रात्र रात्र चालतात. मुंबईचे चाकरमानी रजा काढून येतात ते जागण्यासाठीच. पण जागरण म्हणजे फिटेला आवतणच. आधीच दुखावलेल्या मेंदूला एक रात्र झोप नाही, दोन रात्री नाही, हे सोसत नाही. तेव्हा पालखी दारात आली की दर्शन घ्यावे, ओटी भरावी, आणि ढोल वाजत असतानाच माजघरात जाऊन आडवे व्हावे. झोप लागेल की नाही ही गोष्ट वेगळी. आजी म्हणणार, "देवाच्या कामाला जागलं तर काही होत नाही." आजीशी वाद न घालता तिला डॉक्टरांचा कागद दाखवावा, वडीलधारी माणसे कागदाला मान देतात.

आता आकडे. कॅनडात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कानशिलाच्या अपस्माराचे ८० रोगी घेतले. ४० जणांना शस्त्रक्रियेसाठी निवडले, ४० जणांना औषधांवर ठेवले. वर्षाअखेरी पहिल्या गटात ५८ टक्के लोक शुद्ध हरपणाऱ्या फिटांपासून मुक्त होते. दुसऱ्यात अवघे ८ टक्के. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने ११६ मुलांवर असाच अभ्यास करून २०१७ साली तो प्रसिद्ध केला. तिथे वर्षभरानंतर फीटमुक्त मुलांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ७७ टक्के आणि औषधाच्या गटात ७ टक्के होते. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी एकतृतीयांश मुलांना गंभीर त्रासही झाले, उदाहरणार्थ एका बाजूच्या हातापायांत अशक्तपणा. मेंदूचा कुठला भाग काढावा लागतो यावर ते पुष्कळसे अवलंबून असते. हाही आकडा पहिल्याच्या शेजारीच वाचावा.

आणि पुढे? लंडनच्या ६१५ प्रौढ रोग्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून २०११ साली जे मांडले गेले, त्यात शुद्ध न हरपणारे किरकोळ झटके सोडले तर पाच वर्षे सलग फीटमुक्त राहिलेले ५२ टक्के होते, दहा वर्षे राहिलेले ४७ टक्के. निम्म्यांना दहा वर्षांचे सुख, निम्म्यांना केव्हातरी पुन्हा एखादी फीट. मात्र 'पुन्हा' म्हणजे पूर्ववत नव्हे. आठवड्याला चार येत होत्या त्या जागी वर्षाला एक, हा फरक ज्या घराने आठवड्याच्या चार सोसल्या त्यालाच कळतो.

फिटा थांबल्याचे दुःखही असते, हे सांगितले तर वाचकांना खरे वाटणार नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या संशोधकांनी याला 'सर्वसाधारणपणाचे ओझे' अशा अर्थाचे नाव दिले आहे. कालपर्यंत मुलीकडून कुणी काही मागत नव्हते. नोकरी नको, बाजार नको, पाहुण्यांपुढे येणे नको. आता अचानक सगळे म्हणतात, बरी झालीस ना, मग लाग कामाला! सहाव्या वर्षापासून जे शिकायचे राहिले ते चोवीसाव्या वर्षी एकदम शिकायचे: एकटीने एस. टी.ने चिपळूणला जाणे, पैशाचा व्यवहार, भांडण, मैत्री. आईचेही तसेच. अठरा वर्षे ती सावधपणे झोपली. कूस बदलल्याचा आवाज आला तरी उठून बसली. आता मुलगी म्हणते, "आई, तू दुसऱ्या खोलीत नीज," आणि आईला रात्रभर डोळा लागत नाही. काही रोग्यांना शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत उदासपणा घेरतो. रडू येते, कशातच मन लागत नाही. हा कृतघ्नपणा नाही. त्यावर उपचार आहेत, ते वेळीच घ्यावेत.

मग लग्नाची गोष्ट निघते. १९७६च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्माराचे झटकेही बसवले होते. तसे झटके येणाऱ्याचे लग्न रद्द ठरवून घेता येई. १९९९ साली संसदेने तो शब्द काढून टाकला. त्याला आता पाव शतक उलटले, तरी पत्रिका जुळवणाऱ्यांच्या मनातून तो शब्द गेलेला नाही. म्हणून घरची माणसे दुखणे लपवतात, सासरी मुलगी गोळ्या लपवते, लपवताना गोळी चुकते, आणि जे टाळायचे तेच घडते. पुण्याच्या यशोदा वाकणकर यांनी, लेखक अनिल अवचट यांच्या या कन्येने, स्वतः हे दुखणे आणि मेंदूची शस्त्रक्रिया पाहिल्यावर 'संवेदना' हा गट उभा केला आणि त्यातून अपस्मार असलेल्यांसाठी विवाहमंडळही चालवले. दोन्ही बाजूंनी दुखणे आधीच माहीत असले की पुढचे बोलणे किती सोपे होते! आमचे तर मत असे की डोक्यावरची टाक्यांची रेघ केसांखाली गेली तरी ती दाखवावी. विचारणाऱ्याला तारीख सांगावी.

दोन वर्षे निर्विघ्न गेली म्हणजे डॉक्टर विचारतात, गोळी थोडी कमी करून पाहायची का? कमी केल्यावर काहींना फीट येते. त्यांतल्या बहुतेकांना गोळी पूर्ववत केली की पुन्हा आराम पडतो, सगळ्यांना नाही. म्हणून कुणी हो म्हणतो, तर कुणी एकच गोळी रात्रीची, जन्मभर, असे ठरवून मोकळा होतो. खालच्या पाटातल्या त्या घरात यावर अजून एकमत नाही. बाबांना गोळ्या बंद व्हायला हव्या आहेत, आईला नको आहेत. मुलगी म्हणते, पावसाळा जाऊ दे, मग बघू.