‘ढ’ म्हणण्याआधी

आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी सहा ते आठ अभ्यासिका चालते. तिथे चौथीतला एक मुलगा यायचा. त्याचे नाव इथे देत नाही. पुस्तक उघडायला सांगितले की त्याला तहान लागायची, लघवीला लागायची, नाहीतर पोट दुखायचे. धडा दुसऱ्याने वाचून दाखवला, की प्रश्नांची उत्तरे मात्र धडाधड द्यायचा. वाण्याकडे पाठवले तर साखर, तेल, चहापत्तीचा हिशोब तोंडी करून उरलेले पैसे बरोबर आणायचा. शाळेच्या वहीत मात्र लाल शाईचा शेरा ठरलेला: ‘अभ्यासात लक्ष नाही.’

वडील नाक्यावर उभे राहून काम मिळवणारे. त्यांनी दोनदा शिकवणी बदलली, मारूनही पाहिले. आई चार घरची धुणीभांडी करते. तिने एक दिवस आम्हाला विचारले, “ताई, हा मुद्दाम करतो का हो?”

या पानावर आज त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत, कारण असे मूल प्रत्येक वस्तीत आहे. उत्तर असे: नाही, तो मुद्दाम करत नाही.

अक्षर का लागत नाही?

काही मुलांची बुद्धी चांगली असते, डोळे-कान नीट असतात, शिकवलेलेही असते. तरी वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी काहीतरी अडते. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. शाळेत आणि दवाखान्यात ‘एलडी’ हा शब्द ऐकू येईल. वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. २००७ साली आलेल्या ‘तारे जमीन पर’ या सिनेमातल्या मुलाला हीच अडचण होती. आवाज आणि अक्षर यांची जोडी लावण्याचे मेंदूचे काम या मुलांत वेगळ्या पद्धतीने चालते. हे जन्मापासून असते आणि पुष्कळदा घराण्यात चालत येते. तो आळस नाही, आईची चूक नाही आणि नजर लागणे तर नाहीच.

मराठीत याची लक्षणे अशी दिसतात: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत सतत गोंधळ, काना, मात्रा, वेलांटी गाळणे, जोडाक्षर आले की थांबणे, पहिले अक्षर पाहून पुढचा शब्द अंदाजाने म्हणणे, फळ्यावरचे उतरवताना ओळ सुटणे, पाढे पाठ करूनही दुसऱ्या दिवशी विसरणे. पहिली-दुसरीत सगळीच मुले अशा चुका करतात. तिसरीनंतरही त्या तशाच राहिल्या, तर तपासणी करावी.

दुसरा प्रकार अतिचंचलतेचा. मूल एका जागी बसत नाही, सांगितलेले अर्धवट ऐकते, वस्तू हरवते, रांगेत थांबू शकत नाही. मुलींमध्ये हे कधी धावपळीतून दिसत नाही. त्या गप्प बसून दुसऱ्याच विचारात असतात आणि म्हणून नजरेतून सुटतात.

तिसरा प्रकार स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा. दीड वर्षाचे मूल बोट दाखवून काही मागत नाही, नावाने हाक मारली तरी वळत नाही, नजर देत नाही, एकच खेळ तासन् तास खेळते, कुकरच्या शिट्टीने कान झाकून किंचाळते. अशा वेळी ‘आमच्यात मुलं उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नका. इथे जितक्या लवकर मदत सुरू होते, तितका फायदा अधिक.

आधी डोळे, कान आणि पोट

वाचता न येणारे प्रत्येक मूल एलडी नसते. कुणाला फळाच दिसत नसतो. कुणाचा कान वारंवार फुटत असतो, त्यामुळे अर्धे शब्द ऐकू येत नाहीत. कुणाच्या अंगात रक्त कमी असते, कुणी उपाशीपोटी शाळेत जाते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेल्या मुलाचे तर अर्धे वर्षच बुडालेले असते. म्हणून पहिली पायरी ही: डोळे, कान आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीला फक्त चष्मा लागला आणि ती वाचू लागली.

बौद्ध घरातही कुणीतरी कानात सांगते, ‘एकदा अंगारा लावून बघा.’ त्यात पैसा जातो आणि वेळही जातो. ‘बुद्धी वाढवणाऱ्या’ पावडरींचे तसेच. एलडी किंवा ऑटिझम बरा करणारे औषध नाही. अतिचंचलतेत काही मुलांना औषधाचा उपयोग होतो, पण ते डॉक्टरांनी तपासून दिलेलेच घ्यावे. मुख्य उपचार म्हणजे शिकवण्याची पद्धत बदलणे.

कुठे जायचे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येते. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फुकट होते. पथक कधी येणार ते अंगणवाडी ताईंना किंवा मुख्याध्यापकांना विचारून ठेवा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. मुलाचे काय अडते ते डॉक्टरांना तुम्हीच सांगा. एवढ्या गर्दीत ते आपोआप कळत नाही.

पुढे जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलच्या नायर या महापालिका रुग्णालयांत एलडीची तपासणी होते. तपासणी एका दिवसात संपत नाही. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक यांच्याकडे चार-पाच फेऱ्या होतात. फेरी म्हणजे आईची खाडी, म्हणजे पगार कापला. म्हणून आमच्याकडे आम्ही पाळी लावली आहे: ज्या बाईला त्या दिवशी सुट्टी असेल, ती सोबत जाते. मात्र पहिल्या भेटीला आई किंवा वडील हवेतच. जाताना मुलाच्या तीन-चार वह्या, प्रगतिपुस्तके आणि आधार कार्ड न्या. चाचणी मुलाच्या शाळेच्या भाषेत व्हावी असा आग्रह धरा. मराठी शाळेतल्या मुलाला फक्त इंग्रजीतून तपासले तर निष्कर्ष चुकतो.

एलडीचे पक्के निदान साधारण आठ वर्षांच्या आत करत नाहीत. पण मदत करायला निदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व धरले आहे. त्यात अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि बौद्धिक दिव्यांगत्व आहे. या मुलांना भेदभाव न करता प्रवेश देणे आणि एलडी लवकरात लवकर ओळखणे हे शाळेचे काम आहे, असे त्याचे सोळावे कलम सांगते. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ ने मारणे आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. वर्गासमोर ‘ढ’ म्हणणे हा छळच आहे.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा असतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी ‘निरामय’ विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो आणि थेरपीचाही त्यात समावेश आहे.

एलडीचे प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीला जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती मिळतात. प्रस्ताव शाळेने बोर्डाकडे पाठवायचा असतो. पुष्कळ पालक दहावीचा फॉर्म भरताना जागे होतात, तोवर रुग्णालयाची तारीख पुढे गेलेली असते. शिवाय राज्यात आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. फेरपरीक्षेतही नापास झालेले मूल त्याच वर्गात राहते. आपल्याकडे असे मागे राहिलेले मूल पुष्कळदा पुन्हा शाळेत जातच नाही. मुलगा नाक्यावर जातो, मुलगी आईबरोबर कामाला लागते. म्हणून तिसरी-चौथीतच हालचाल करा.

शाळेत काय मागायचे?

भांडायला जाऊ नका, पण हात जोडूनही उभे राहू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मागणी साधी ठेवा: मुलाला पुढच्या बाकावर बसवावे, प्रश्न वाचून दाखवावा, काही उत्तरे तोंडी घ्यावीत, लिहायला वेळ जास्त द्यावा, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावू नये. समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. ते गट किंवा शहर साधन केंद्रातून शाळांना भेट देतात. त्यांना बोलावण्याची विनंती अर्जातच लिहा.

मुलाला वर्गाबाहेर किंवा कोपऱ्यात वेगळे बसवणे आपण चालवून घ्यायचे नाही. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागले. वेगळे बसवलेल्या मुलाच्या मनाचे काय होते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

घरात आणि विहारात

घरी रोज पंधरा-वीस मिनिटेच बसा. रव्यात किंवा वाळूत बोटाने अक्षर गिरवू द्या, तोंडाने आवाज काढत. एका दिवशी एकच मात्रा. तुम्हाला वाचता येत नसेल तर मोठ्या भावंडाला वाचू द्या, तुम्ही शेजारी बसा. ज्यात मूल हुशार आहे ते काम त्याला रोज द्या.

विहारात वंदनेच्या वेळी ऑटिझम असलेले मूल उठून फिरले तर फिरू द्या. मान वळवून आईकडे पाहू नका. त्या आया कार्यक्रमाला येणे सोडतात ते मुलामुळे नाही, आपल्या नजरेमुळे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेपुढे अशी मुले घाबरतात. मिरवणुकीच्या शेवटी थोडे अंतर ठेवून चालणारी एक रांग आणि विहारात एक शांत खोली ठेवली, तर तीही जयंतीत येतील.

धम्मात चूळपंथकाची गोष्ट आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही, तेव्हा थोरल्या भावाने त्याला संघातून जायला सांगितले. बुद्धांनी त्याला थांबवले, हातात एक स्वच्छ कापड दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले, तसे अनित्य म्हणजे काय ते त्याला कळले. गाथेने जमले नाही ते कापडाने जमले.

तो चौथीतला मुलगा आता पाचवीत आहे. पाच फेऱ्यांनंतर त्याचे प्रमाणपत्र मिळाले. वर्गशिक्षिका त्याला प्रश्न वाचून दाखवतात, उत्तरे तोंडी घेतात. वडिलांनी मारणे बंद केले आहे. वह्या घेऊन शाळेत तेच जातात. वाचताना तो अजून अडखळतो, पुढेही काही वर्षे अडखळेल. पण अभ्यासिकेत आता त्याचे पोट दुखत नाही.

तुमच्या गल्लीत असे मूल असेल, तर येत्या रविवारी त्याच्या आईला भेटा. जाताना हे पान सोबत न्या.