आज्ञावलींचे मौन : निमूटपणे अयशस्वी होणाऱ्या कमांड लाइन आज्ञावलींची दोषचिकित्सा

बीजसंज्ञा : निर्गम-संकेत, त्रुटिप्रवाह, पाइप, क्रॉन, बॅकअप

प्रस्तावना

भायखळा स्थानकातून जाणाऱ्या लोकल गाड्यांची सिग्नल यंत्रणा एका तत्त्वावर उभी आहे : ट्रॅक सर्किटमध्ये बिघाड झाल्यास सिग्नल लाल व्हावा. तेथे बिघाड स्वतःच इशारा देतो. युनिक्स परंपरेतील कमांड लाइनवर मात्र काम सुरळीत पार पडल्यास आज्ञावलीने काहीही बोलू नये, असा संकेत रूढ आहे. परिणामी यश आणि अपयश पडद्यावर सारखेच दिसू शकतात. अशा मौनाचा उलगडा कोणत्या क्रमाने करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तपासणीचा क्रम

१) निर्गम-संकेत : प्रत्येक आज्ञावली संपताना एक अंक मागे ठेवते. पुढील आज्ञा देण्यापूर्वीच तो $? या चिन्हाने पाहावा. ० म्हणजे यश. बॅश शेलमध्ये १२७ म्हणजे आज्ञा सापडली नाही, तर १२६ म्हणजे ती सापडली पण चालविता आली नाही. १३७ हा अंक आज्ञावली सक्तीने थांबविली गेल्याचे दर्शवितो; स्मृती अपुरी पडणे हे त्याचे एक नेहमीचे कारण होय.

२) त्रुटिप्रवाह : चुकांचे संदेश सामान्य निष्पत्तीहून वेगळ्या, क्रमांक २ च्या प्रवाहातून जातात. जुन्या स्क्रिप्टमध्ये हा प्रवाह अनेकदा रिकाम्या उपकरणाकडे वळवून नष्ट केलेला असतो. तो एखाद्या फाइलकडे वळवावा.

३) पाइप : अनेक आज्ञा पाइपने जोडल्यास सामान्यतः केवळ शेवटच्या आज्ञेचा संकेत मिळतो. पहिली फसली तरी उत्तर ० येऊ शकते. बॅशमधील पाइपफेल पर्यायाने हा दोष टळतो.

४) क्रॉन : वेळापत्रकानुसार चालणाऱ्या आज्ञांना वापरकर्त्याचे सर्व परिसर-चल उपलब्ध नसतात. हाताने चालणारी आज्ञा रात्री फसते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

५) एसट्रेस : लिनक्सवरील या साधनाने आज्ञावलीने कोणती फाइल मागितली व कोठे नकार मिळाला, हे दिसते.

एक उदाहरण

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संस्थेच्या मुख्य सर्व्हरवरील डेटाबेस चुकून पुसला गेला. त्या वेळी नित्याचे बॅकअप अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा, तर बॅकअप घेणारे साधन ९.२ चे होते. त्यामुळे ते दरवेळी त्रुटी दाखवून थांबत असे. क्रॉन त्याची सूचना ई-मेलने पाठवी, परंतु प्रमाणीकरणाअभावी ती ई-मेल नाकारली जाई. अखेर सुमारे ६ तास आधी अन्य कामासाठी घेतलेल्या प्रतीवरून माहिती परत मिळविण्यात आली. मधल्या काळातील नोंदी मात्र गमवाव्या लागल्या.

निष्कर्ष

वरील उदाहरणात आज्ञावली मुकी नव्हती. तिचा आवाज पोहोचविणारा मार्ग बंद होता. म्हणून दोषाचा शोध घेताना आज्ञावलीइतकाच तिच्या संदेशाचा मार्गही तपासला पाहिजे. महाविद्यालयाचे निकाल असोत वा ग्रंथालयाची सूची, त्रुटीची सूचना आली नाही एवढ्यावरून बॅकअप झाला असे मानू नये. तो ठरावीक काळाने प्रत्यक्ष उघडून पाहणे, हाच त्याचा खरा पुरावा होय.