जीपगाडीचे स्पीकर बदलताना : वॉटचे माप आणि कारागिराची मजुरी

वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण म्हणजे इस्लामपूर. २०२५ मध्ये शासनाने शहराचे नाव बदलून ईश्वरपूर केले. या लेखात वाचकांच्या ओळखीचे नाव ठेवले आहे. एका बाजूला कृष्णाकाठची काळी जमीन, दुसऱ्या बाजूला शिराळा-चांदोलीकडचा डोंगरी व धुवाधार पावसाचा मुलूख आणि जवळच पेठ नाक्यावर पुणे-बेंगळूरु महामार्ग. ऊस, साखर कारखाना आणि पाणंदीचे रस्ते यांमुळे या भागात जीप ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. कमांडर, मार्शल, ट्रॅक्स यांच्यावर कित्येक कुटुंबांचे पोट चालले. आज त्यांच्या जागी बोलेरो, थार, गुरखा, जिम्नी अशा गाड्या दिसतात. गाडी नवी असो वा जुनी, मालकाची एक तक्रार मात्र ठरलेली असते : "कंपनीच्या स्पीकरचा आवाज भरत नाही."

ही तक्रार घेऊन गिऱ्हाईक ज्याच्याकडे येते तो वायरिंगवाला, ऑटो इलेक्ट्रिशियन, कुशनवाला किंवा सुट्या वस्तूंचा दुकानदार पुष्कळदा आपल्याच समाजाचा असतो. म्हणून या कामाची तांत्रिक बाजू आणि व्यवहाराची बाजू दोन्ही येथे मांडत आहोत.

जाता जाता एक जुनी माहिती. भारतात विलीज जीपची जुळणी करणारी महिंद्र कंपनी १९४५ मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने सुरू झाली होती. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले व तेथील पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले.

कंपनीचा स्पीकर कमी का पडतो?

गाडी बनवणारी कंपनी इंजिन, सांगाडा व सुरक्षितता यांवर खर्च करते. स्पीकरवर हात आखडता घेते. त्यामुळे बहुतेक गाड्यांत हलका मॅग्नेट व कागदी कोन असलेला साधा स्पीकर मिळतो. घरात तो चालून जाईल, पण जीपमध्ये टायरचा आवाज, वारा आणि पत्र्याची थरथर यांच्याशी त्याला सामना करावा लागतो. कापडी छताच्या गाडीत तर हे गोंगाट दुप्पट वाटतात. त्यातून कागदी कोनाला पाणी सोसत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या गाड्या पाण्याखाली गेल्या त्यांना हे सांगायला नको. ओला कोन फुगतो आणि वाळल्यावरही पूर्वीसारखा हलत नाही.

तेव्हा जीपसाठी स्पीकर निवडताना कोन पॉलिप्रॉपिलीनचा असावा आणि कोनाभोवतीची कड रबराची असावी. फोमची कड ऊन व दमट हवेत काही वर्षांत भुगा होऊन गळते. उघड्या जीपसाठी बोटीत वापरण्याचे जलरोधक स्पीकर मिळतात. ते महाग असले तरी तेथे तेच योग्य.

वॉटचे माप

या धंद्यात सर्वांत मोठी फसवणूक वॉटच्या आकड्यात होते. खोक्यावर ठळक अक्षरांत '५०० वॉट' छापलेले असते. हा आकडा क्षणभराच्या कमाल शक्तीचा असतो. स्पीकर तासन्‌तास न जळता किती वॉट सोसतो तो आकडा वेगळा. त्याला आरएमएस म्हणतात आणि तो कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिलेला असतो. कधी तो ५०-६० सुद्धा निघतो.

स्टिरिओचेही तेच. त्याच्यावर 'चार गुणिले पन्नास' असे लिहिलेले असते. आता हिशेब करा. पुष्कळ स्टिरिओंच्या मागे १० अँपियरचा फ्यूज असतो. चालू गाडीत बॅटरीचा दाब सुमारे १४ व्होल्ट. म्हणजे स्टिरिओ सतत खेचू शकतो तो १४० वॉट, आणि त्यातलाही बराच भाग उष्णतेत जातो. मग दोनशे वॉट सतत येणार कोठून? प्रत्यक्षात स्वच्छ आवाजात एका स्पीकरला १५ ते २० वॉटच मिळतात.

म्हणून वेगळा अॅम्प्लिफायर बसवायचा नसेल तर गिऱ्हाइकाने वॉटपेक्षा 'सेन्सिटिव्हिटी' पाहावी. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, तो हा आकडा. ३ डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत दुपटीचा फरक. ९१ डेसिबलचा स्पीकर १५ वॉटवर जेवढा वाजेल, तेवढा वाजायला ८८ डेसिबलच्या स्पीकरला ३० वॉट लागतील. कंपनीच्या स्टिरिओवर कमी वॉटचा पण जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर '५०० वॉट'च्या स्पीकरला मागे टाकतो तो यामुळे.

दुकानदाराने हे दोन आकडे गिऱ्हाइकाला स्वतः दाखवावेत. काट्यात खोट ठेवून विकलेला माल आणि कमाल वॉट सांगून विकलेला स्पीकर यांत फरक नाही. मापात पाप नको, ही शिकवण वॉटलाही लागू आहे.

दार म्हणजे स्पीकरचा भोपळा

आपल्या सांगली जिल्ह्यातच मिरज आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगार कारागिरांनी हत्यारांचे काम सोडून सतार-तंबोरे बनवायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव त्यात आदराने घेतले जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याची तार कितीही चांगली असली तरी भोपळ्याला तडा असेल तर नाद धरत नाही, हे त्या कारागिरांना सांगावे लागत नाही.

जीपच्या दाराचे तसेच आहे. स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा मागची हवा विरळ होते. दाराच्या पत्र्याला भोके उघडी असतील तर पुढची व मागची हवा एकमेकींत मिसळते आणि भारी आवाज म्हणजे बेस नाहीसा होतो. आमच्या ओळखीच्या एका कारागिराकडे एक गाडी आली होती. मालकाने भारी स्पीकर ऑनलाइन मागवून दुसरीकडे तासाभरात बसवून घेतले होते. पहिल्याच पावसात दारातून पायाखाली पाणी, दाराचा खडखडाट आणि बेस गायब. कारागिराने दाराचे पॅड काढले. आतला प्लॅस्टिकचा पडदा फाडून टाकलेला, आणि एका स्पीकरच्या वायरी उलट्या. त्याने तेच स्पीकर ठेवले, पडदा नवा चिकटवला, भोके बंद केली आणि वायर सुलट केली. आवाज भरला आणि पाणीही थांबले. मालाचे पैसे तेच; फरक पडला तो हातकामाने.

काम करण्याची रीत

१) काम सुरू करण्यापूर्वी काच, लॉक, दिवे व चालू स्पीकर मालकासमोर तपासा. नंतर वाद होत नाही.

२) नव्या स्पीकरची खोली मोजा. काच पूर्ण खाली घेऊन ती मॅग्नेटला घासते का ते पाहा. छताकडे बसवलेल्या स्पीकरची तऱ्हा वेगळी. २०२० च्या थारमध्ये स्पीकर वर आहेत. तेथे वजनदार मॅग्नेट लावल्यास खड्ड्यांत पकड सैल होते. हलका स्पीकरच घ्यावा.

३) कंपनीची वायर कापू नका. जुळणारे कपलर बाजारात मिळतात. वॉरंटीचा वाद टळतो आणि गाडी विकताना जुने स्पीकर परत बसवता येतात.

४) प्लॅस्टिकचा पडदा फाडू नका. तो दारात झिरपणारे पाणी खाली उतरवतो. दाराच्या तळाची निचऱ्याची भोके कधीही बुजवू नका, नाहीतर पत्रा आतून गंजेल.

५) स्पीकरखालची रिंग साध्या एमडीएफची नको. पाण्याने ती फुगते. प्लॅस्टिकची किंवा मरीन प्लायची रिंग करा व खाली फोमची पट्टी द्या. पत्र्याला ब्यूटाइलचे डॅम्पिंग शीट चिकटवण्यापूर्वी धूळ व तेल नीट पुसा. सगळे दार भरण्याची गरज नाही. स्पीकरच्या मागचा व भोवतालचा भाग प्रथम करा.

६) जोड सोल्डर करून त्यावर आकसणारी नळी चढवा. नुसते पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड पाणंदीच्या हादऱ्यांत टिकत नाही. वायर पत्र्यातून जाते तेथे रबरी ग्रोमेट हवेच.

७) प्लस-मायनस तपासा. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला की कोन बाहेर सरकला पाहिजे. सर्व स्पीकरचे कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. मल्टीमीटरवर ४ ओहमचा स्पीकर साधारण साडेतीनच्या आसपास दाखवतो. फारच कमी आकडा आला तर शॉर्ट आहे; न लावता परत करा.

अॅम्प्लिफायर बसवायचा असेल तर बॅटरीपासून वेगळी जाड तांब्याची वायर आणा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण तिला तेवढी वीज सोसत नाही. चारशे वॉट आरएमएसचा अॅम्प्लिफायर पूर्ण जोरात ३५ ते ४० अँपियर खेचू शकतो. बॅटरीच्या टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज द्या. हा फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. तो नसेल आणि वायर वाटेत पत्र्याला घासून सोलली, तर गाडी पेटू शकते. थोड्या पैशांच्या फ्यूजसाठी कोणाचा जीव धोक्यात घालू नये.

नव्या गाड्यांत छताच्या कडेला व खांबांत एअरबॅग असतात. त्यांच्यावरून किंवा समोरून वायर ओढू नका. एअरबॅगच्या कपलरला तर हातच लावू नका.

आवाज आणि कायदा

स्पीकर बदलणे हा गुन्हा नाही. मात्र मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास बंधने घातली आहेत. सांगाडा किंवा छत कापून पेट्या बसवण्याचे काम स्वीकारू नये. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून लागू आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्र म्हणजे दहा ते सहा. गाडीतला आवाज गाडीतल्या माणसांसाठी असावा. मशीद, मंदिर, शाळा, दवाखाना यांच्यासमोर पत्रा हादरवत जाणाऱ्या गाडीमुळे मालकाबरोबर ती सजवणाऱ्या कारागिराचेही नाव खराब होते.

मजुरी वेगळी घ्या

पूर्वी स्पीकरच्या विक्रीत नफा सुटे आणि फिटिंग फुकट केले जाई. आता गिऱ्हाईक मोबाइलवर भाव पाहूनच दुकानात येते. समजा जोडी ३,००० रुपयांना ऑनलाइन मिळते. तुम्ही तीच ३,३०० ला देऊन फिटिंग फुकट म्हणालात, तर गिऱ्हाईक तीनशे रुपयांसाठी तोंड फिरवते आणि तुमचे अर्ध्या दिवसाचे काम बिनमोलाचे ठरते. त्यापेक्षा माल बाजारभावाने द्या आणि मजुरी, डॅम्पिंग शीट, रिंग, वायर, फ्यूज यांची स्वतंत्र ओळ बिलावर लिहा. गिऱ्हाइकाने माल स्वतः आणला तरी तोंड वाकडे करू नका. त्याच्या मालाची वॉरंटी त्याची. तुमच्या कामाची वॉरंटी तुमची. पहिल्या पावसानंतर एकदा गाडी दाखवायला बोलवा. जुने स्पीकर मालकाच्या हातात परत द्या.

या कामाला कर्ज काढण्याइतके भांडवल लागत नाही. मल्टीमीटर, सोल्डरिंग इस्त्री, पॅड काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, ड्रिल आणि होल सॉ एवढ्यावर सुरुवात होते. जो मुलगा आज गॅरेजात पाने-पकड देतो, त्याला ओहमचा नियम आणि फ्यूजचा हिशेब शिकवला तर तो दोन वर्षांत स्वतःच्या पायावर उभा राहील. पुढे विजेच्या गाड्या वाढतील, इंजिनाचे काम कमी होत जाईल. वायरिंग, जोडकाम आणि पत्र्यामागची स्वच्छता यांची गरज मात्र राहणारच.

स्पीकर कोणीही विकेल, पण दाराच्या पॅडमागे केलेले काम गिऱ्हाइकाला दिसत नाही. ते पावसात, खड्ड्यात आणि वर्षभरानंतर कळते. म्हणून न दिसणारे कामही चोख करा आणि त्याची मजुरी न लाजता मागा.