डीपी जळते, तेव्हा कुणाची उलाढाल वाढते?

शेअर बाजारात सध्या वीज-उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना चांगले दिवस आहेत. त्यातली एक सीजी पॉवर. 1937 साली मुंबईत उभी राहिलेली क्रॉम्प्टन पार्किन्सन 1966 मध्ये क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज झाली, 2017 मध्ये सीजी पॉवर झाली आणि 2020 मध्ये मुरुगप्पा समूहाकडे गेली. तिच्या धंद्याची दोन मोठी खाती आहेत. एक कारखान्यांच्या मोटरींचं, दुसरं रोहित्रं आणि स्विचगिअरचं. अलीकडे दुसऱ्याची उलाढाल पहिल्यापेक्षा जोरात वाढली.

रोहित्रांची ही मागणी कुठून येते, ते वऱ्हाडात उघड दिसतं. अकोला जिल्ह्यात पारसला 250 मेगावॉटचे दोन संच आहेत. तिरोड्याहून छत्रपती संभाजीनगरकडे (पूर्वीचं औरंगाबाद) जाणारी 765 केव्हीची वाहिनी कोराडीनंतर अकोल्याला टेकते. तिथून वीज टप्प्याटप्प्याने उतरत 11 हजार व्होल्टवर येते आणि शेवटी बांधावरच्या डीपीत, म्हणजे वितरण रोहित्रात, 433 व्होल्ट होते. प्रत्येक पायरीला रोहित्र लागतं. म्हणून निर्मिती थोडी वाढली, तरी रोहित्रांची एकूण क्षमता तिच्या कितीतरी पट वाढवावी लागते.

माझा जीव अडकतो तो शेवटच्या पायरीत. 63 केव्हीएच्या डीपीवर पाच अश्वशक्तीच्या दहा-अकरा मोटरी नीट चालतात. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात पाणी खोल गेलं, तशा मोटरी मोठ्या झाल्या. डीपी मात्र तीच राहिली. त्यात मोटरींना ऑटोस्विच. रात्री थ्री-फेज आली की सगळ्या एकदम उठतात आणि सुरुवातीला नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढतात. किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खाचेत, फ्यूजतारेऐवजी जाड ॲल्युमिनियमची तार घातलेली असते, त्यामुळे फ्यूज उडतच नाही. तेल तापतं, वेटोळ्यांवरचा कागद करपतो. डीपीच्या बाजूला काचेचं छोटं ब्रीदर असतं. त्यातले निळे सिलिका जेलचे दाणे गुलाबी झाले, की आत ओल शिरू लागली हे समजावं. ते दाणे वेळेवर बदलायला फार खर्च नाही. पण ऐन हरभऱ्याच्या ओलितात डीपी गेली, तर दुसरी येईपर्यंत पीक माना टाकतं.

नवी वाहिनी उभारली म्हणून विकलेलं रोहित्र आणि जळक्याच्या जागी विकलेलं रोहित्र उलाढालीच्या आकड्यात एकाच रकान्यात बसतात. पहिली वाढ मला हवी आहे, दुसरी नको. महावितरण कपॅसिटर बसवा, ऑटोस्विच काढा म्हणून सांगतं, ते रास्तच आहे. पण वाढलेल्या भाराप्रमाणे डीपीची क्षमता वाढवणं हे शेतकऱ्याच्या हातात नाही.

2018 पासूनच्या एचव्हीडीएस (उच्चदाब वितरण प्रणाली) योजनेने एक-दोन शेतकऱ्यांमागे एक लहान रोहित्र दिलं. स्वतःची डीपी असली की माणूस तिच्यावर आकडा टाकू देत नाही, तेलाकडेही लक्ष ठेवतो. 2024 च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेने तर काही बांधांवर डीपीची गरजच संपवली. मात्र तिचं अनुदान साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना आहे. वरुडच्या ज्या बोअरना त्याहून मोठी मोटर लागते, तिथे अजून काही वर्षं तरी डीपीच लागेल, आणि तिथे मोठ्या क्षमतेची डीपी आधी द्यायला हवी.